टर्बोची गाडी आणि अक्काच्या चपला

गाडी बघायला बाई आली की शोरूमवाले तिच्या मागून कोण येतंय ते बघतात. बिदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये मी माझ्या मायला घेऊन शिरले, तेव्हा तिथल्या सेल्समननं आम्हा दोघींच्या डोक्यावरून दाराकडं पाहिलं आणि विचारलं, "सर गाडी लावायलेत का, मॅडम?" मी म्हटलं, "सर न्हाईत. मी हाय, ही माझी माय हाय, अन् चालवणार मीच हाय. आता गाडी दाखवा." माझं तोंड असंच आहे. शाळेत गणित शिकवून ते असं झालं, की आधीपासूनच असं होतं म्हणून मला गणित दिलं, ते माझं मलाही सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर गाडीची परीक्षा घ्यायला मी गेलेच नव्हते. परीक्षा मायची होती.

मायला गाडी लागते. साधीसुधी नाही. डिझेलचा वास नाकात गेला की बस स्टँडातून बाहेर पडायच्या आत तिचा चेहरा उतरतो. लिंबू, आवळासुपारी, आल्याचा तुकडा, पोटावर वर्तमानपत्राचा कागद, खिडकीची जागा, सगळं करून झालं. गुडघे गेल्यापासून तर बसच्या पायऱ्याही चढवेनात. एकदा मी भाड्याची जीप केली. त्या ड्रायव्हरनं सीटच्या कव्हरावरून रस्ताभर इतकी टकळी लावली की मायनं अर्ध्या वाटेतून गाडी माघारी फिरवायला लावली, आणि घरी आल्यावर म्हणाली, "आता मेल्यावरच मला गाडीत घाला."

त्यात अडली होती खटकचिंचोळीची मावशी. मायची थोरली बहीण, माय तिला अक्का म्हणते. दोघींची आई लवकर गेली. त्यामुळे मायची वेणी घालणं, उवा काढणं, रुसली तर भाकरीचा घास तोंडाशी धरून मागं पळणं, हे सगळं अक्कानंच केलेलं. आता मावशीची कंबर गेलीय, ती अंगणापलीकडं जात नाही. तरी फोन होता तोवर बरं चाललं होतं. रोज सकाळी चहा झाला की दोघींचा फोन सुरू व्हायचा, आणि माझी शाळेची वेळ झाली तरी संपायचा नाही. मग मावशीचे कान गेले. कानाचं मशीन आणून दिलं, तर डोक्यात पिठाची गिरणी चालल्यावानी होतंय म्हणून तिनं ते डबीत घालून ठेवलं. तेव्हापासून माय फोनवर विचारायची, "अक्का, जेवलीस का?" तिकडून यायचं, "व्हय, व्हय." "अक्का, पाय दुखतेत का?" "व्हय, व्हय." एकदा माय चिडून म्हणाली, "अक्का, मी मेले बघ." तिकडून आलं, "व्हय, व्हय, बरं हाय." माय आधी हसली. मग फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. व्हिडिओ कॉल लावून दिला, तर मावशी पडद्यावर स्वतःचाच चेहरा बघून पदर सारखा करत बसायची. माझ्या मायला फोन नको होता. अक्काच्या कानापाशी तोंड नेऊन बोलायचं होतं.

आमच्याकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळे शेतात जेवायला जातात. पूर्वी दोघी बहिणी एकाच शेतात पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील घेऊन बसायच्या. परवाची येळवस झाली त्या दिवशी मायनं घरात भज्जी केली आणि स्वतः खाल्लीच नाही. त्याच संध्याकाळी मी म्हटलं, गाडी घेऊ. आणि लगेच माझ्या तोंडानं माती खाल्ली. मी म्हटलं, "आधी गाडी चालवून बघू. तुला उलटी झाली तर घ्यायची न्हाई. दारात उभी करून फुलं वाहायला मला गाडी नको." माय म्हणाली, "बरं." मायचं ते 'बरं' मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी निवडलेली गाडी म्हणजे छोटी सेडान. मागं डिक्की, आणि अंगानं बुटकी. बुटकी म्हणूनच निवडली. मायला चढायला नको, टेकलं की बसता येतं. सेल्समनला मात्र त्यात बुटकेपणा दिसत नव्हता, त्याला टर्बो दिसत होता. तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलताना कानडी, मराठी आणि दखनी अशी तिन्हींची खिचडी. इंजिनातून बाहेर जाणारा धूरच एक पंखा फिरवतो, पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, मग गाडी कशी पळते ते बघा, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. मायनं सगळं मन लावून ऐकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हंजे फुंकणीच की." त्यावर हातवारे थांबवून तो म्हणाला, "व्हय अम्मा, फुंकणीच."

त्या दिवशी रविवार होता. कारखान्यांना सुट्टी, रस्ता मोकळा. "आधी मी पिकअप दाखवतो, मग तुम्ही घ्या," म्हणत तो चालवायला बसला. मी त्याच्या शेजारी, माय मागं सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून. त्यानं पाय दाबला. आधी गाडी काहीच बोलली नाही, आणि मग दावं तुटलेल्या वासरासारखी जी उधळली, माझं डोकं मागं आपटलं. "हे बघा मॅडम, हे टर्बो." मी आरशात बघितलं. मायनं डोळे मिटले होते, नाकाला लिंबू लावलं होतं आणि ओठ पुटपुटत होते.

"थांबवा," मी म्हटलं. "उतरा अन् इकडं बसा."

"मॅडम, अजून शंभरला जाऊ द्या की..."

"तुमचा टर्बो मला दिसला. माझी माय दिसंना झालीय."

मग मी स्टिअरिंग घेतलं. गाडी मी केस पिकायला लागल्यावर शिकले, त्यामुळं माझ्या चालवण्यात घाई नाही. मी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. मागून बैलगाड्या सोडून सगळं जग हॉर्न वाजवत पुढं गेलं. सेल्समन अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, इतकं हळू चालवायलात की गाडीला वाईट वाटंल." मी म्हटलं, "वाटू द्या. पुढं तिला सवय लागंल." मी मागं न बघता विचारलं, "माय, कसं वाटायलंय?" मागून आवाज आला, "मला काय धाड भरलीय? मस्त वाटायलंय."

पेट्रोल पंप आला तसा तो म्हणाला, इथून वळायचं, ट्रायल इथवरच. मी म्हटलं, "वळायचं न्हाई. खटकचिंचोळीला जायचंय." त्याला वाटलं मी चेष्टा करायलेय. मग मी त्याला सरळच सांगितलं. ही मागं बसलीय तिला उलटी न होता बहिणीच्या दारात जाता आलं, तर गाडी घेणार, नाही तर नाही. तुमचा टर्बो, तुमचा पंखा, सगळं ह्या बाईच्या पोटावर ठरणार आहे. तो म्हणाला, साहेब रागावतील, असा नियम नाही. तेवढ्यात मागून मायनं विचारलं, "अप्पा, तुझी माय कुठं असते?"

"गावाकडं, अम्मा. औरादच्या बाजूला."

"कवा गेल्तास?"

त्यानं खिशातून फोन काढला आणि साहेबांना कानडीत काहीबाही सांगितलं. "हौदु सर, हौदु सर," म्हणजे हो सर, एवढं मला कळलं. फोन ठेवून म्हणाला, "सांगितलं, कस्टमर लई शिरेस हायत म्हणून. चला."

बिदरची लाल माती मागं पडली आणि काळी सुरू झाली. दोन्ही बाजूंनी तुरी शेंगांना आलेल्या. मला आतून बरं वाटायला लागलं होतं. अर्धी वाट सरत आली होती आणि मागं सगळं शांत होतं. तेवढ्यात माय म्हणाली, "थांबव गं जरा. मारुतीच्या पाया पडून येते." रस्त्याच्या कडेला छोटं देऊळ, मागं कडुनिंब. माय उतरली, मारुतीला हात जोडले आणि प्रदक्षिणेला म्हणून देवळामागं गेली. बराच वेळ आली नाही. मी एकदा हॉर्न वाजवला. आली तेव्हा देवळाच्या टाकीवर तोंड धुऊन पदरानं पुसत आली.

"कामून एवढा वेळ?"

"मागायचं लई होतं."

तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. पाय अनवाणी, खडीवरून जपून टाकत होती. मी म्हटलं, "देवळापाशी चपला विसरलीस." ती म्हणाली, "इथं कुठं? तिथंच काढल्या की, गाडीत बसताना." म्हणजे शोरूमच्या आवारात. नवी कोरी गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कसं बसायचं, म्हणून बाईनं उंबऱ्याबाहेर काढाव्यात तशा चपला बाहेर काढून ठेवल्या, आणि आम्ही गाडी घेऊन निघून आलो. मी कपाळावर हात मारला. सेल्समन हसू दाबत म्हणाला, "अम्मा, ही डेमो गाडी हाय. रोज किती लोकं बूट घालून बसतेत." माय म्हणाली, "ते बसतेत. मी न्हाई बसत." त्यानं वॉचमनला फोन करून चपला बाजूला ठेवायला सांगितलं.

पुढं एका दर्ग्यापाशी तिनं परत थांबवायला लावलं. "आता इथं काय?" तर म्हणे, "पिराला बी सांगावं लागतंय." परत भिंतीमागं गेली, परत वेळ लावला. मायची भक्ती अशी उतू जाताना मी आजवर पाहिली नव्हती. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले आणि मनातल्या मनात तिला बोलत राहिले.

मावशी अंगणात उन्हाला बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. गाडीचा आवाज तिला आला नाही. दार उघडलेलं, बंद केलेलंही कळलं नाही. माय अनवाणीच चालत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, नुसती उभी. मावशीला आधी समोर पाय दिसले. तिनं पायांकडं बघितलं, मग मान वर केली, आणि इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीला पहिलं वाक्य बोलली ते हे, "पोरी, पायात कामून काय न्हाई?"

घरातून निघायच्या आधीच मायनं काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, मला माहीत आहे, रात्री पुटपुटत होती. ते सगळं गेलं. ती बाजेवर बसली आणि अक्काच्या खांद्यावर डोकं टेकलं. सत्तरी पार केलेली माझी माय तिथं कुणाची तरी लहान होती. ते बघून मला तिचा हेवा वाटला.

मग माय मावशीच्या कानाला तोंड लावून बोलायला लागली. हळू, अगदी आपलं गुपित सांगावं तसं. आणि मावशीला सगळं ऐकू येत होतं. एकदाही तिनं नुसतं 'व्हय, व्हय' केलं नाही. "मग तू काय म्हणलीस?" विचारायची. "त्या वरच्या आळीतलीचं काय?" विचारायची. मध्येच दोघी इतक्या हसल्या की आतून मावशीची सून चहाचं पातेलं हातात घेऊन बघायला आली.

घोळ झाला तो त्यानंतर. मावशीला अंगणाबाहेर उभी असलेली गाडी दिसली. तिनं सुनेला ताट आणायला सांगितलं. सेल्समन उठून पुढं आला, "अम्मा, विकली न्हाई अजून. डेमो गाडी हाय, बघा, स्टिकर लावलंय." मावशी म्हणाली, "व्हय, व्हय," आणि त्याच्याच कपाळाला कुंकू लावलं. कंबरेतून वाकलेली ती बाई सुनेचा हात धरून गाडीपाशी गेली, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, नारळ फोडायला लावला. चाकाखाली ठेवायला लिंबू हवं होतं. घरात नव्हतं. मायनं कनवटीचं आपलं लिंबू काढलं आणि चाकाखाली ठेवलं. सेल्समननं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं. शेवटी त्यानंच गाडी हातभर पुढं घेऊन लिंबू चिरडलं.

निघताना मावशीनं मायची ओटी भरली. मग आपल्या पायातल्या चपला काढून मायच्या पायापुढं सरकवल्या. "घाल," म्हणाली. माय नको नको म्हणत होती. मावशीला ते ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल.

गाव मागं पडलं. मी खुशीत होते. मनात गाडीचा रंगही ठरवून झाला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबव." मी दोन्ही बाजूंना बघितलं. नुसती तुरीची रानं. देऊळ नाही, दर्गा नाही. मी वैतागून म्हटलं, "इथं आता कोणता देव हाय?" मायनं गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं आणि खाली वाकली.

मी पळत गेले आणि तिची पाठ धरली. खाल्लेलं सगळं पडलं, मावशीकडचा चहाही. सेल्समननं पाण्याची बाटली आणून दिली आणि पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिला. माय चूळ भरून तिथंच बांधावर बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिंबू न्हवतं न्हवं." मग म्हणाली, "तवा बी झालती. जाताना. मारुतीच्या मागं."

"काय?"

"अन् पिरापाशी बी. मारुतीला म्हणलं, माफ कर बाबा, तुझ्या दारात घाण करायले, पर लेकीला सांगू नको."

तिनं सगळा रस्ता पोटातलं गळ्याशी धरून ठेवलं होतं, का, तर मी म्हटलं होतं, उलटी झाली तर गाडी नाही. मी तिच्याजवळ बांधावर बसले. म्हटलं, "अगं, मग कशाला घ्यायची ही गाडी? बसमधी होतंय तेच हिच्यातबी होणार."

"तेच न्हाई," माय म्हणाली. "उलटीचं काय, ती कशातबी हुते. बसमधी समदे बघतेत, नाकाला फडकं लावतेत. ड्रायव्हर म्हणतो, खिडकीतून कर अम्मा. बस थांबत न्हाई गं. तू थांबतीस."

मी रडले. त्या परक्या माणसासमोर, रस्त्याच्या कडेला, चांगली हुंदके देऊन रडले. मायनं ओल्या पदरानं माझंच तोंड पुसलं आणि म्हणाली, "उठ. त्या पोराला उशीर व्हायलाय."

शोरूममध्ये आलो तेव्हा साहेब दारातच उभे होते. बॉनेटवरचं स्वस्तिक बघून ते काही बोलणार, तोवर मीच म्हटलं, ही गाडी घ्यायची, लिहून घ्या. साहेबांचा चेहरा उजळला. "टर्बो आवडला ना मॅडम? पिकअप कसा वाटला?" मी म्हटलं, "टर्बोचं मला काय कळत न्हाई. ब्रेक चांगले हायत." सेल्समन मान खाली घालून हसला. वॉचमननं मायच्या चपला आणून तिच्यापुढं ठेवल्या. मायनं त्या उचलून पिशवीत घातल्या आणि अक्काच्या चपला पायात तशाच ठेवल्या. "ह्या परत द्यायला जावं लागंल," म्हणाली.

आता गाडी दारात आहे. महिन्यातून एखादा रविवार आम्ही खटकचिंचोळीला जातो. मारुतीपाशी मी न सांगता थांबते, माय मागं जाऊन येते, पाणी मी हातात धरून उभी असते. निघताना दर वेळी माय म्हणते, या खेपेला अक्काच्या चपला देऊन टाकू. आणि दर वेळी त्याच घालून परत येते.